क्षेप आणि कोश : प्राणिनामघटित विनोदी शब्दांविषयी

अलंकारशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ‘गौर्वाहीकः’ हे उदाहरण परिचयाचे असते. वाहीक म्हणजे स्थूलमानाने आजच्या पंजाबातील रहिवासी. त्यास येथे बैल म्हटले आहे. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या दुसऱ्या उल्लासात गौणी लक्षणेच्या विवेचनात हे उदाहरण घेतले आणि तेथून ते पिढ्यानपिढ्या वर्गावर्गांतून फिरत राहिले. बैलाच्या ठायी असणारे जाड्य आणि मांद्य वाहीकाच्या ठायीही आहे, या सादृश्याच्या बळावर ‘गो’ शब्द मनुष्याकडे वळतो. दोहोंतील भेद ठाऊक असूनही त्यांच्या ताद्रूप्याची प्रतीती व्हावी हे त्याचे प्रयोजन. विवेचन सूक्ष्म आहे, त्यात दोष काढण्याजोगे थोडे आहे. मात्र एक गोष्ट त्यात कोठेच येत नाही. एका प्रदेशातील लोकांनी दुसऱ्या प्रदेशातील लोकांची उडविलेली ही थट्टा आहे, हे कोणी सांगत नाही. सादृश्याचे गणित पूर्ण मांडले जाते, हसणारा आणि ज्याला हसले तो असे दोघेही गणिताबाहेर राहतात.

व्याकरणशास्त्राने हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला आहे, आणि तो भेद फारसा लक्षात घेतला जात नाही. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात पाणिनीने कावळ्याच्या नावाने होणारा एक समास सांगितला आहे. सप्तम्यंत पदाचा ध्वांक्षवाचक शब्दाशी समास होतो. मात्र तो केव्हा, तर क्षेप, म्हणजे निंदा, गम्यमान असेल तेव्हा. ‘तीर्थध्वांक्ष’, ‘तीर्थकाक’ हे शब्द असे सिद्ध होतात. पतंजलीने त्याचा खुलासा करताना जे म्हटले आहे ते विद्यापीठाच्या आवारात आजही लागू पडावे. तीर्थाच्या ठिकाणी कावळे फार काळ टिकत नाहीत, तद्वत् जो गुरुकुलांत जातो खरा पण तेथे चिरकाल राहत नाही, तो तीर्थकाक. याच प्रकरणात पुढे येणाऱ्या पात्रेसमितादि गणात कूपमंडूक आहे, कूपकच्छप आहे, उंबराच्या फळातील चिलटावरून आलेला उदुंबरमशक आहे, नगरकाक आहे. तापलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या मुंगसाचे ‘अवतप्तेनकुलस्थित’ हे उदाहरणही येथलेच; ज्याचे चित्त कोणत्याच कामावर ठरत नाही, पाय सारखे उचलत असतात, त्याच्या वर्तनाला ते लावले जाते. हे सारे शब्द शिष्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या टवाळीतून आलेले, म्हणजे ज्यास आज बोलीतील टोपणशब्द म्हणतात त्या जातीचे आहेत. पाणिनीने ते व्याकरणाबाहेर ठेवले नाहीत. उलट बोलणाऱ्याची वृत्ती हीच समास होण्याची अट म्हणून नोंदविली. निंदा नसेल तर समासच होत नाही. तीर्थाच्या घाटावर खरोखरीच बसलेला कावळा दाखवावयाचा असेल तर दोन पदे वेगळी ठेवावी लागतात.

येथे स्तुतीच्या समासांशी तुलना केल्यास एक मौजेची गोष्ट दिसते. पुरुषव्याघ्र, नरपुंगव, मुनिपुंगव या शब्दांत मनुष्य पूर्वपदी उभा आहे आणि त्याच्यामागे प्राणी येऊन त्यास मोठेपण देतो. वाघ झाला तरी तो पुरुष पुरुषच राहतो. निंदेच्या समासांत मात्र मनुष्य नाहीच. तीर्थ आहे आणि कावळा आहे. विहीर आहे आणि बेडूक आहे. ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याचा शब्दात मागमूस नाही. स्तुती मनुष्यास प्राण्याचा गुण देते, निंदा मनुष्यास शब्दातूनच घालवून देते आणि त्याच्या जागी एक ठिकाण व एक प्राणी ठेवते. या शब्दांतील हसू प्राण्याच्या गुणातून येत नाही. कावळा काही मूर्ख नव्हे, आणि बेडूक विहिरीत राहतो यात त्याचा दोष काय? हसू येते ते प्राणी आणि स्थळ यांच्या जुळणीतून उभ्या राहणाऱ्या प्रसंगचित्रातून. या अर्थाने तीर्थकाक हा एका शब्दात मावलेला लहानसा प्रवेश आहे.

ज्या शब्दांत असे प्रसंगचित्र नसते त्यांची जात वेगळी. तिचाही मासला पाणिनीच्याच सूत्रांत सापडतो. वृंदारक, नाग व कुंजर या शब्दांशी पूज्यमानवाचक पदाचा समास होतो असे सांगून परंपरेने जी उदाहरणे दिली आहेत त्यांत ‘गोकुंजर’ आणि ‘अश्वकुंजर’ हेही आहेत. शब्दशः पाहिले तर बैल-हत्ती आणि घोडा-हत्ती. परंतु येथे कोणी बैलाला सोंड लावत नाही. कुंजर म्हणजे उत्तम, एवढेच. हत्ती शब्दातून निघून गेला आहे आणि त्याचे माप तेवढे मागे राहिले आहे.

मराठीत हे मापाचे काम घोड्याकडे आले. घोडदळ, घोडदौड, घोडेस्वार, घोडागाडी या शब्दांत घोडा आपल्या पायांवर उभा आहे. विग्रह करताना षष्ठी वा तत्सम विभक्ती लावली की अर्थ लागतो. घोडचूक या शब्दाचा तसा विग्रह करू गेल्यास फजिती होते. घोड्याने केलेली चूक नव्हे, घोड्याच्या बाबतीत झालेली चूक नव्हे. ‘घोड्याएवढी चूक’ असे म्हणून मध्यमपद लोपले असे सांगितले जाते खरे, पण बोलणाऱ्याच्या मनात घोडा आणि चूक शेजारी उभी करून त्यांची उंची मोजली जात नाही. घोड- हा येथे जवळजवळ उपसर्ग झाला आहे. अन्य भाषांतही घोड्याला हे काम लावलेले दिसते. इंग्रजीतील ‘हॉर्स-लाफ’, ‘हॉर्स-चेस्टनट’, ‘हॉर्स-रॅडिश’ या शब्दांत घोडा म्हणजे मोठे, राकट, ओबडधोबड. फ्रेंचमध्ये फार चढलेल्या तापाला घोड्याचा ताप म्हणतात आणि जहाल औषधाला घोड्याचे औषध. जर्मन भाषेने तर सारे प्राणिसंग्रहालय या कामाला जुंपले आहे: कडाक्याच्या थंडीला डुकराच्या नावाचे विशेषण, थकव्याला कुत्र्याचे, भुकेला अस्वलाचे आणि असह्य उकाड्याला माकडाचे. माकडाला उकाडा विशेष होतो असे कोणी म्हटलेले नाही. साधर्म्य शोधण्याचा हट्ट येथे सोडावाच लागतो.

मग घोडाच का, हत्ती का नव्हे, असा प्रश्न उरतो. आकाराने हत्ती कितीतरी मोठा. पण मराठीत ‘हत्तीचूक’ होत नाही. हत्तीरोग हा शब्द आहे, तथापि तेथे सुजलेल्या पायाचे हत्तीच्या पायाशी असलेले साम्य डोळ्यांसमोरून हलत नाही. हत्ती राजाच्या दारी झुलणारा, गणपतीच्या मस्तकामुळे पूज्य झालेला; त्याचे नाव घेतले की भारदस्तपणा येतो. घोडा घराच्या अंगणात येऊ शकतो. घरगुती वस्तूशेजारी तो उभा राहिला की ती वस्तू अकस्मात बेढब दिसू लागते. थट्टेच्या मापाला थोडी जवळीक लागते, ती त्याच्याकडे आहे.

पण घोड- वाटेल त्या नामामागे लागत नाही, आणि कोशकारांनी इकडे लक्ष द्यावयास हवे होते. मोठ्या घराला घोडघर म्हणत नाहीत. मोठ्या दुःखाला तर नाहीच नाही. घोडचूक, घोडनवरा, घोडनवरी, घोडब्रह्मचारी असे मोजकेच शब्द आहेत. यांपैकी घोडब्रह्मचारी हा शब्द दोन्ही जातींच्या सीमेवर बसतो. थोराड वय झालेला अविवाहित, एवढाच अर्थ घेतल्यास घोड- हे माप आहे. परंतु संस्कृतात ‘तुरगब्रह्मचर्य’ असा शब्द आहे: पागेत घोडी नाही म्हणून घोडा ब्रह्मचारी, त्यात संयमाचे पुण्य नाही. या अर्थाने पाहिल्यास शब्दात पुन्हा पागा दिसू लागते आणि प्रसंगचित्र उभे राहते. बोलताना कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे ज्याच्याविषयी बोलले जाते त्यास बहुधा बरोबर कळते.

उरलेल्या शब्दांत घोड- ज्यामागे लागते त्या वस्तूत एक समान गोष्ट आहे. ती वस्तू लहान असावी अशी आधीच अपेक्षा असते. चूक व्हायचीच तर किरकोळ व्हावी. आणि नवरी लहान असावी. घोडचुकीतील अपेक्षा कालातीत आहे. घोडनवरीतील अपेक्षा मात्र एका विशिष्ट समाजाची आणि काळाची आहे, आणि तो काळ शब्दाच्या पोटात जसाच्या तसा राहिला आहे. ज्या काळात आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न होणे हेच रीतीचे होते, त्या काळात तेरा-चौदा वर्षांची मुलगी मांडवात उभी राहिली की ती घोडनवरी ठरे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली तेव्हा केवढा क्षोभ झाला हे सर्वज्ञात आहे. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा केले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. ज्या वयाला पूर्वी घोड- लागत होते ते वय कायद्याने अपुरे ठरले. शब्द मात्र गेला नाही. तो वर सरकला. पंचविशीला लागू लागला, मग तिशीला. माप बदलले, हसण्याची दिशा बदलली नाही. घोडनवरा हा शब्द कोशात तिच्या शेजारीच आहे, पण बोलण्यात घोडनवरीच अधिक ऐकू येते. देवलांच्या शारदा नाटकात (१८९९) म्हातारा नवरदेव आणि कोवळी मुलगी अशी जोडी आहे. तेथे प्राण्याचे नाव मिळाले ते नवरदेवाला. भुजंगनाथ हे नाव वरवर शंकराचे, ऐकताना सापाचे. नाटककाराने क्षेपाची दिशा उलट फिरविली, आणि त्यासाठी रूढ शब्द न वापरता विशेषनाम घडविले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आता कोश घोडनवरीचा अर्थ कसा देतात? मोल्सवर्थच्या १८३१ च्या व १८५७ च्या आवृत्तींपासून मराठी कोशरचनेने या प्रकारच्या शब्दांचा जो संग्रह केला तो बहुमोल आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२-३८) आणि त्यांच्याच वाक्संप्रदाय कोशाने तो कितीतरी वाढविला. बोलीतील हलके म्हणून टाकलेले शब्द या कोशकारांनी उचलले नसते तर आज चर्चेला साहित्यच उरले नसते. आक्षेप संग्रहाविषयी नाही, नोंदीच्या स्वरूपाविषयी आहे. ‘प्रौढ वयाची वधू’, ‘मोठी चूक’, ‘संकुचित दृष्टीचा मनुष्य’ असा अर्थ दिला आणि मागे लाक्षणिकाची खूण घातली की नोंद पूर्ण झाली असे मानण्याची प्रवृत्ती दिसते. निंदार्थी, उपहासार्थी असे शेरे मधूनमधून येतात, पण ते कोशकाराच्या स्मरणावर अवलंबून; नियम म्हणून नव्हेत. परिणाम असा की ‘प्रौढ वधू’ आणि ‘घोडनवरी’ हे पर्यायशब्द होतात. शंभर वर्षांनी केवळ कोश हाती असलेल्या वाचकास या दुसऱ्या शब्दाने एखादी मुलगी माजघरात तोंड लपवून बसली असेल हे कळण्याची सोय राहत नाही. अर्थ जपला जातो आणि इजा पुसली जाते. मम्मटाच्या वाहीकाचेही असेच झाले.

क्षेप हा अर्थाला मागाहून चिकटलेला रंग आहे, अशी समजूत या पद्धतीच्या मुळाशी आहे. वस्तुतः मराठीत तो शब्दाच्या घडणीतच असतो, आणि याची खूण लिंगव्यवस्थेत सापडते. हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिले; मराठीने ते राखले आणि त्याचा थट्टेसाठी मोठा उपयोग करून घेतला. घोडा पुल्लिंगी, पण ‘घोडं कुठे पेंड खातं’, ‘मी तुझं काय घोडं मारलं’, ‘एकदाचं गंगेत घोडं न्हालं’ या प्रयोगांत तो नपुंसकलिंगी होतो. रणातला घोडा या वाक्यांत चालणार नाही. गाढव, माकड, डुक्कर, वासरू हे शब्द मुळातच नपुंसकलिंगी असल्याने त्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत घडते. ‘तू गाढव आहेस’ ही साधी शिवी झाली. परंतु ‘ते गाढव अजून उठलं नाही’ असे आई मुलाविषयी म्हणते तेव्हा सर्वनाम, क्रियापद, सारे वाक्यच नपुंसकलिंगात जाते. मुलगा वाक्यभर मनुष्य राहत नाही. गंमत अशी की याच नपुंसकलिंगात ‘ते पोर’, ‘ते लेकरू’ही आहे, म्हणून या वाक्यात रागाबरोबर माया शिरू शकते. हेच वाक्य कचेरीतील वरिष्ठाने कनिष्ठाविषयी उच्चारले तर मायेची वाट बंद होते. शब्द एक, लिंग एक. कोणी कोणाविषयी म्हटले यावर सारे ठरते. बैलोबा या शब्दात उलट युक्ती आहे. विठोबा, खंडोबा या देवनामांतील आदरार्थी अंत्यभाग बैलाला जोडला, आणि आदर जितका मोठा तितका बैल अधिक मंद झाला.

अलीकडच्या तरुणांच्या बोलीत ‘पोपट होणे’ रूढ आहे. जुनी पोपटपंची प्रसंगचित्राच्या जातीची: पिंजरा, पढविणारा, न समजता केलेली घोकंपट्टी, सारे तीत दिसते. ‘त्याचा पोपट झाला’ यात यांपैकी काहीही नाही. चारचौघांत झालेली फजिती एवढाच अर्थ. पोपटाच्या कोणत्या गुणावरून तो निघाला याचा शोध घेऊन हाती काही लागणार नाही, कारण अर्थ पोपटात नसून रचनेत आहे. ‘त्याचा बकरा केला’, ‘त्याचा मामा केला’, ‘त्याचा कचरा झाला’ या मालिकेत पोपट येऊन बसला आहे. षष्ठ्यंत मनुष्य, मग एखादे नाम, मग करणे वा होणे: हा साचा फजितीचा आहे, त्यात प्राणी घाला, नातलग घाला वा केर घाला. कोशाने येथे ‘पोपट’ या नोंदीखाली पाचवा अर्थ म्हणून ‘फजिती’ देणे म्हणजे रोग एका अवयवाचा आणि लेप दुसऱ्याला असे होईल. नोंद साच्याची हवी.

वृत्तपत्रांतील ‘घोडेबाजार’ हा शब्द इंग्रजीवरून आला, पण येताना त्याची मांडणी बदलली. इंग्रजी शब्दात लक्ष व्यवहार करणाऱ्यांकडे असते: घोड्यांच्या सौद्यातल्यासारखी दोन पक्षांची धूर्त घासाघीस. मराठीत ‘व्यवहारा’च्या जागी ‘बाजार’ आला आणि नजर विक्रीस बांधलेल्या जनावरांकडे वळली. लोकप्रतिनिधी गिऱ्हाईक न राहता घोडे झाले. येथे घोड- नसून घोडे- हे रूप आहे, आणि ते योग्यच आहे. हे घोडे माप म्हणून आलेले नाहीत, त्यांना दात आहेत आणि किंमत आहे. मराठी बोलणाऱ्याने नकळत हा शब्द मापाच्या जातीतून उचलून तीर्थकाकाच्या जातीत नेऊन ठेवला: एक ठिकाण, काही प्राणी, मनुष्य कोठेच नाही.

क्षेप संपतो तेव्हा काय होते याचे स्वच्छ उदाहरण माकडहाड हे आहे. पाठीच्या कण्याच्या टोकाशी, जेथे शेपूट असते तर फुटले असते, त्या हाडाला हे नाव देणाराच्या ओठांवर हसू असलेच पाहिजे. आज घसरून पडलेला वृद्ध कण्हत कण्हत हा शब्द उच्चारतो, डॉक्टर तो गंभीरपणे ऐकून घेतो आणि दोघांपैकी कोणालाही माकड दिसत नाही. कूपमंडूकाचेही जवळजवळ असेच झाले. ‘कूपमंडूक वृत्ती’ असे भाववाचक शेपूट लागल्यापासून तो अग्रलेखात राहू लागला आणि विहीर आटली. घोडचूक अर्ध्या वाटेवर आहे. अशा शब्दांच्या नोंदीत क्षेप कोणत्या काळी होता आणि केव्हा उतरला हे सांगता आले तर कोशाची नोंद शब्दाचा इतिहास होईल, आणि त्यासाठी नाटके, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे यांतील प्रयोग कालानुक्रमे लावण्यावाचून गत्यंतर नाही. ते काम कष्टाचे आहे. एका पदव्युत्तर प्रबंधात एका प्राण्याचे जरी झाले तरी पुष्कळ झाले.

तीर्थकाक हा शब्द मात्र मराठीने उचलला नाही. गुरू बदलत फिरणारे शिष्य येथे कमी होते असे मुळीच नाही. परंतु महाराष्ट्रात घाटावरच्या कावळ्याची गोष्ट निराळी आहे. दहाव्या दिवशी पिंड मांडून सारे आप्त त्याचीच वाट पाहत उभे असतात. तो येऊन शिवला नाही तर गेलेल्याची कोणती इच्छा राहिली याचा विचार सुरू होतो. पतंजलीचा कावळा तीर्थावर टिकत नाही म्हणून हास्यास्पद झाला. येथला कावळा यावा म्हणून लोक हात जोडतात, आणि हात जोडलेल्या माणसांना त्या चित्रात हसण्यासारखे काही दिसत नाही.